कच्च्या टाक्याची बाही

शिवलेलं उसवलं की टेलर ओशाळतो, निदान ओशाळल्यासारखं तरी करतो. माझ्या ओळखीत एकच टेलर असे होते, की त्यांनी शिवलेली बाही खांद्यातून निखळली तर ते खूश व्हायचे.

मारुंजीत मी भाड्याने राहायचे त्या इमारतीच्या खालच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. गावातलं जुनं मुसलमान घर. बोलणं अस्सल मावळी, आणि पांढऱ्या दाढीला कायम निळ्या खडूचा एक फराटा. पूर्वी चिंचवडला त्यांचं मोठं दुकान होतं, कारखान्यांच्या कामगारांचे डगले ते शिवायचे. पुढे कंपन्या गणवेश तयारच मागवायला लागल्या. मग मास्तर गावी परतले आणि आयटीतल्या पोरापोरींचे कपडे शिवू लागले.

मी राहायला आले त्याच आठवड्यात जिन्यावरून उतरताना भांडण ऐकलं. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला एक पोरगा एका हातात सुटी बाही धरून दुकानात उभा होता.

"मास्तर, ही तुमची शिलाई? आठवडा नाही झाला अजून!"

"कशात अडकली?"

"लिफ्टच्या दारात."

"आन हात?"

"हाताला काय झालंय? हात ठीक आहे."

"दाव."

पोराने वैतागून हात पुढे केला. मास्तरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, एकेक बोट चाचपलं आणि सोडून दिला.

"मंग वरडतो कशाला? बाही आत्ता लावून देतो. हात कुठनं लावला असता?"

पोराने सदरा काढून दिला. तो बनियनवर बसून राहिला आणि मास्तरांनी गाणं गुणगुणत बाही परत जोडली, ती पुन्हा तशीच, कच्च्या टाक्याने. कच्चा टाका म्हणजे पक्की शिलाई घालायच्या आधी कापड नुसतं धरून ठेवायला घालतात तो. इतर टेलर तो शेवटी ओढून काढतात. मास्तर सगळा सदरा असा शिवायचे की कापड विरेल पण टाका हलणार नाही. फक्त बाही जिथे खांद्याला जोडतात, त्या मुंढ्यात एकेरी दोऱ्याचा विरळ टाका. रोजच्या वापरात काही व्हायचं नाही, पण जोराचा हिसका बसला की बाही हातात यायची. असं का, ते विचारलं तर म्हणायचे, "आमची पद्धत हाय." आणि कात्री उचलायचे. कात्री उचलली की पुढचं बोलणं बंद, हे गिऱ्हाइकांना ठाऊक झालं होतं.

दुसरी पद्धत मापाची. मास्तर उभ्या माणसाचं माप घ्यायचेच नाहीत. आधी विचारायचे, "काम काय करता?" मग ते काम करून दाखवायला लावायचे. डिलिव्हरीवाल्याला रिकाम्या स्टुलावर गाडीसारखं बसवायचे, शिक्षिकेला भिंतीवर लिहायला लावायचे. "माप अंगाचं नसतं पोरी, कामाचं असतं. नुसता हुबा ऱ्हायला कोन कापडं घालतं? बुजगावनं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा लग्नाची शेरवानी शिवायला एक नवरदेव आला, तर मास्तरांनी त्याला विचारलं, "किती जनांच्या पाया पडायचंय?" नवरदेव म्हणाला, बरेच नातेवाईक आहेत. मास्तरांनी त्याला भर दुकानात पंचवीस वेळा वाकवलं. शेवटी तो घामाघूम होऊन भिंतीला टेकला. शेरवानी मात्र अशी झाली की लग्नात सगळ्या आत्या-मावश्यांच्या पाया पडूनही पाठीत हूं की चूं झालं नाही, असं तो स्वतः पेढे घेऊन सांगायला आला होता.

या सगळ्याला एक कायमचा प्रेक्षक असायचा. आमचे घरमालक, अण्णा. शेजारच्या माण गावातलं जुनं शेतकरी घर, शेती आयटी पार्कात गेली, इमारती आल्या. अण्णा आणि मास्तर शाळेपासूनचे दोस्त. अण्णा सकाळी यायचे ते मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि दिवेलागणीला उठायचे. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. चहावाल्याला तोच हात वर करून दाखवायचे आणि म्हणायचे, "तीन चहा. जास्त मोजू नको, तेवढीच हायत." आणि गंमत अशी, की अख्ख्या मारुंजीचे कपडे जिथे शिवले जायचे तिथे दिवसभर बसणारा हा माणूस तयार शर्ट घालायचा. खांदे उतरलेले, बाह्या नखांपर्यंत. दर दिवाळीला अण्णा शर्टाचं कापड आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवायचे. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "ठेव." कापड वरच्या फळीवर जायचं आणि तिथेच राहायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे बारा-तेरा पुडकी होती, खालच्यांचे कागद पिवळे पडलेले.

मी भोचक आहे. एकदा विचारलंच, "मास्तर, अण्णांचा शर्ट कधी शिवणार?" मास्तरांनी कात्री उचलली.

आता माझ्या कामाविषयी. मी तेव्हा माणला एका स्टुडिओत होते. स्टुडिओत व्हिडिओ गेम बनायचे आणि गेममधल्या माणसांना कपडे घालणं हे माझं काम. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं शिकून बाहुल्यांचेच कपडे करायचे होते, तर आजीने दिलेली बाहुल्यांची पेटी का मोडलीस?" आमचा गेम तीनशे वर्षांनंतरच्या जगातला. गुरूच्या एका चंद्रावर माणसांची वसाहत आहे. खेळणाऱ्याने आधी आपलं पात्र घडवायचं, म्हणजे चेहरा, स्वभाव, धंदा आणि मुख्य म्हणजे कपडे. कॉलर बदला, खिसे बदला, कापड बदला, रंग बदला. लोक लढाईपेक्षा यातच जास्त रमतात, हे त्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

पण आमच्या कपड्यांचं काही खरं नव्हतं. उभं असेपर्यंत पात्र राजबिंडं दिसायचं. हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत चढायचा. खाली बसलं की कोटाचा घेर मांडीतून आरपार जायचा. खरं सांगायचं तर दोष माझाच होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कापडाचे तुकडे सपाट कापायचे, कुठली कड कुठल्या कडेला शिवायची ते दाखवायचं, मग कापड आपोआप अंगावर पडतं. म्हणजे कापायला यावं लागतं. मला येत नव्हतं. चार वर्षं मी दुसऱ्यांचे नमुने उचलून त्यांचे रंग बदलत होते आणि स्वतःला कॉस्च्यूम आर्टिस्ट म्हणवत होते. परदेशातल्या ज्या कंपनीसाठी गेम बनत होता तिच्याकडून एक बाई दोन महिन्यांनी काम बघायला येणार होती. शेवटी एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी खाली दुकानात गेले.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं. आमचा नायक दोन्ही हात पसरून उभा होता. कपडे घालायला सोपं जावं म्हणून पात्रं तशीच उभी करतात.

"ह्याला पोलिसांनी धरलाय व्हय?"

"नाही हो मास्तर, असंच उभं करतात."

"काम काय करतो?"

"लढतो."

"रोज?"

"हो, म्हणजे... रोजच."

"आन लढत नसंल तवा?"

चार वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नव्हता. अण्णा स्टुलावरून म्हणाले, "माझ्यासारखा बसत असंल कुठंतरी." मास्तर हसले नाहीत. त्यांनी नायकाला बसवायला सांगितलं. मी बसवलं. कोट मांडीतून आरपार गेला.

"कळी कुठं हाय?" मास्तरांनी विचारलं. काखेत एक छोटा चौकोनी तुकडा घालतात, त्याने हात मोकळा वर जातो, ती कळी. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर ती कापून दाखवली. मी ती तशीच संगणकात उतरवली, नायकाचा हात वर केला, आणि कोट जागच्या जागी राहिला. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या दुकानातून माणूस बघायला आला.

त्यानंतर मी त्यांना स्टुडिओत नेलं. आमचा बॉस चांगला माणूस होता, पण प्रत्येक गोष्ट आपल्यालाच आधी सुचली होती असं त्याला वाटायचं. त्याने मास्तरांना गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं. मास्तरांना ते इतकं आवडलं की दुकानातही ते घालून बसायचे. एका वलिम्याला, लग्नाच्या मेजवानीलाही घालून गेले, आणि तिथल्या फोटोत नवरदेवापेक्षा मास्तरांचं कार्डच ठळक आलं आहे.

स्टुडिओतल्या सगळ्यांच्या चुका त्यांनी एका सकाळीत काढल्या. खलनायकाचा बंद खोलीतही फडफडणारा पायघोळ झगा पाहून विचारलं, "ह्या खोलीत पंखा हाय?" कामगारांच्या पँटला खाली दुमड होती, ती काढायला लावली, कारण लेथ मशीनवर धातू कापताना उडणारे तापलेले तुकडे त्या दुमडीत पडतात आणि पाय भाजतो. अंतराळातल्या मेकॅनिकच्या छातीवरच्या खिशाला झाकण घालायला लावलं, वाकला की पेन मशीनमध्ये पडू नये म्हणून. आमच्या पोरांनी आधी खिदळून घेतलं, मग वह्या काढल्या. दोन आठवड्यांत आमच्या चंद्रावरची माणसं बसायला, वाकायला आणि वरच्या फळीवरचं काढायला शिकली. पहिल्यांदाच ती तिथे राहतात असं वाटायला लागलं.

खुशीत येऊन मी मास्तरांना माझा कुर्ता शिवायला टाकला. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. मी म्हटलं, "माझं काम तर माहीतच आहे, दिवसभर बसते." इथे मी चुकले. कुर्ता आला तो बसलेल्या बाईचा. मागे लांब, पुढे आखूड, बाह्या कोपरात वाकलेल्या. खुर्चीत बसले की असा बसायचा की बघत राहावं, आणि उभी राहिले की मी अजून बसलेलीच आहे असं दिसायचं. मी तक्रार केली. मास्तर शांतपणे म्हणाले, "मंग हुबी कशाला ऱ्हातीस?" तो कुर्ता मी अजून ठेवला आहे आणि अजून कामावर घालते.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना बाहीवरून बिनसलं.

मास्तरांनी बॉसला विचारलं, "तीनशे वर्सांनी मशिनी असत्याल का न्हाई?"

"असतील ना, मास्तर. आजच्यापेक्षा जास्त असतील."

"मंग बाह्या कच्च्या पायजेत. समद्यांच्या."

बॉसने समजावलं, की खेळताना बाही सुटून पडली तर लोकांना तो दोष वाटेल, आमची नाचक्की होईल. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. बॉसने पुन्हा समजावलं. मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली, गळ्यातलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते कार्ड त्यांना किती प्रिय होतं हे मला माहीत होतं.

"जिथं बाही पक्की, तिथं माझं काम न्हाई," म्हणाले आणि निघून गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. एका टाक्यावरून एवढं? दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी मास्तर नमाजाला गेले की दुकान अण्णा सांभाळायचे. जेवायला घरी आलेली मी तरातरा जिना उतरले आणि अण्णांपुढे सगळा राग ओकले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उजवा हात माझ्यासमोर धरला.

"ही दोन कुठं गेली, कधी इचारलं न्हाईस तू."

एवढी भोचक असून हे मात्र विचारायची हिंमत झाली नव्हती.

"मी टर्नर व्हतो. भोसरीकडं एका शेडमधी, लेथवर. अंगावर डगला ह्याच्या हातचा. लई नाव व्हतं ह्याचं तवा. बैलानं वढला तरी उसवायचा न्हाई, असं सोता सांगायचा. एक दिस बाही धरली मशिननी. म्हनलं फाटंल, उसवंल. उसवली न्हाई पोरी. दुसऱ्यानं मशिन बंद केली तवर दोन बोटं गेलती." अण्णा हसले. "आन दवाखान्यात जो तो म्हने, शिलाई मातुर भारी हाय!"

"तुम्हाला राग नाही आला त्यांचा?"

"आला की. चार दिस. बोटं गेली ती गेली, आता दोस्त बी घालवू का? पन त्याच्या डोक्यातनं जाईना. तवाधरनं बाही कच्ची. आन मला शिवायला हात लावत न्हाई. म्हनतो, तुझं कापड बघितलं की कात्री चालंना." त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं. "दर दिवाळीला आनतो. तेवढं एकच ऱ्हायलंय बघ मनात, त्याच्या हातचा शर्ट एकदा अंगात घालायचा. लोकं म्हनत्यात, घे की दुसरीकडनं शिवून. मला शर्ट नगोय. मला त्यानं शिवाया पायजे."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच बटणांचा डबा चाळत बसले.

तिथून मी थेट स्टुडिओत गेले. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शिवणीला एक आकडा असतो, किती ओढ लागली की ती सुटावी त्याचा. आम्ही तो इतका मोठा ठेवायचो की काही सुटूच नये. मी मेकॅनिकचा डगला उघडला, दोन्ही मुंढ्यांचा आकडा खाली आणला आणि कुणाला काही न सांगता जतन केलं. बाकी कपड्यांना हात लावायची माझी छाती झाली नाही. नोकरी मलाही हवी होती.

परदेशातून पाहुणी यायच्या आदल्या दिवशी बॉस स्वतः दुकानात आला. कुठल्याशा पत्रात तो लिहून बसला होता, की आमच्याकडे खरा टेलर आहे, आणि बाईंना आता टेलर बघायचा होता. त्याने ओळखपत्र मास्तरांच्या पुढे धरलं. मास्तरांनी कार्डाकडे पाहिलं, बॉसकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "मास्तर, या. एका डगल्याची बाही कच्ची आहे." त्यांनी कार्ड गळ्यात घातलं.

पाहुणी साठीची होती, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. लढाईत तिला रस दिसेना. तिने आमचे चमकते कोट आणि चिलखतं भराभर मागे टाकली आणि मेकॅनिकच्या डगल्यापाशी थांबली. खिशाचं झाकण उघडून पाहिलं. पात्राला बसवलं, उठवलं, हात वर करायला लावला. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "बाई शानी हाय."

मग पात्राला तो डगला घालून ती फिरायला निघाली आणि सरळ मोठ्या लोखंडी दाराकडे गेली. बॉस पांढराफटक पडला. त्या दाराची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. त्यात कपडा अडकला की पात्र च्युइंगमसारखं ताणलं जायचं आणि गेम तिथेच बंद पडायचा. दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता, म्हणून पाहुणीला तिकडे जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. पण जी बाई डगल्याचे खिसे उघडून बघते तिला कोण अडवणार? दार खाली आलं. बाही दारात सापडली. पात्राने हिसका दिला, ताणलं गेलं, आणि बाही खांद्यातून सुटली.

बाही दाराखाली राहिली आणि माणूस बाहेर आला. खेळणाऱ्याने पुढे काही केलं नाही की आमची पात्रं दोन्ही हात तोंडापुढे धरून बोटं उघडमिट करतात, एका पोराने कधीतरी हौसेने तसं करून ठेवलं होतं. तर तो माणूस उघड्या दंडाने उभा राहून आपली बोटं बघायला लागला. बॉस माझ्याकडे बघत होता आणि मी खाली बघत होते.

मास्तर उठले. मोठ्या पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या माणसाच्या उजव्या हाताच्या एकेका बोटावर आपलं बोट ठेवत मोजायला लागले.

"येक. दोन. तीन. चार." पाचव्यावर त्यांचं बोट थांबलं. "पाच. पाची हायत."

पाहुणीने विचारलं, हे काय म्हणतायत? मग मला सांगावंच लागलं. बाही अशी का, लेथ काय, दोस्त कोण. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि सांगताना नकळत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मी मुडपली. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढं कळलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पाहुणीने खुर्ची पुढे ओढली. मग तिने पात्राला नवा डगला घालून परत त्या दाराखाली नेलं. पुन्हा बाही सुटली, पुन्हा बोटं. तिसऱ्यांदा दुसरी बाही. चौथ्यांदा ती चक्क हसत होती. जाताना तिने सांगितलं की सगळ्या कपड्यांच्या बाह्या अशाच हव्यात. बॉस लगेच म्हणाला, "आमचा पहिल्यापासून तोच विचार होता." मी त्याला मनातल्या मनात माफ केलं.

मास्तरांना मी माझ्या स्कूटरवरून घरी आणत होते. मारुंजीचा फाटा आला. मग मागून आवाज आला.

"बाईला अण्णाचं सांगितलंस?"

"हो. चुकलं का?"

"काय म्हनली?"

"विचारत होती, तो माणूस आता कुठे असतो."

"मंग?"

"मी म्हटलं, रोज मास्तरांच्या दुकानात बसतो."

दुकानापाशी मी स्कूटर थांबवली.

अण्णा नेहमीप्रमाणे स्टुलावर होते. मास्तर आत गेले, कार्ड खुंटीला लावलं, खुर्चीवर चढले आणि फळीवरची सगळी पुडकी खाली घेतली. फुंकर मारली तशी दुकानभर धूळ झाली. अण्णांना ठसका लागला.

"काय रं, काय काढलं?"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काम काय करता?"

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्या? काय न्हाई. तुझ्यापाशी बसतो."

"किती येळ?"

"सकाळधरनं सांजपतुर."

"मंग उठू नको. बसूनच माप घेतो."

इतरांचा शर्ट मास्तर दोन दिवसांत द्यायचे. हा तीन आठवडे चालला. कापलं, जोडलं, उसवलं, पुन्हा जोडलं. अण्णा रोज समोर बसून बघायचे आणि रोज विचारायचे, "झाला का?" मास्तर रोज कात्री उचलायचे. मी येताजाता दुकानात डोकवायचे, आणि मशीनचा आवाज येत असला की दिवस चांगला जायचा.

मग एका सकाळी ऑफिसला निघाले तर अण्णा जिन्याच्या पायथ्याशी माझी वाट बघत उभे. अंगात पांढरा, निळ्या बारीक रेघांचा शर्ट. खांदे खांद्यावर, बाह्या मनगटावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अण्णा त्यांच्या कपड्यांपेक्षा मोठे दिसत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी उजवा हात पुढे केला.

"वढ."

"अहो अण्णा, नवा शर्ट..."

"वढ म्हनतो ना!"

मी कफ धरला आणि एक हिसका दिला. बाही अलगद माझ्या हातात आली. अण्णांनी उघडा दंड आणि तीन बोटांचा पंजा वर केला आणि लहान पोरासारखे खदखदून हसायला लागले.

आत दुकानात मशीन थांबली. मास्तरांनी मान वर न करता विचारलं, "आन हात?"

"हाय की रं!" अण्णा ओरडले. "हात हाय!"